कार्बोरेटर सगळ्यात शेवटी

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

पाऊस ओसरला की दरवर्षी पत्रं वाढतात, कारण चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढली जाते आणि मग कळतं की ती आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, चालूच राहत नाहीये. म्हणून या वेळी फक्त जुन्या कार्बोरेटरवाल्या इंजिनांचीच पत्रं घेतलीत. रत्नागिरीच्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण त्यातलं बरंचसं बाकीच्यांनाही लागू पडतं, तेव्हा ते आधी वाचा.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९८८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. सकाळी चोकवर चालू होते पण गरम झाली की आयडलिंगला थरथरते, मारुती मंदिरला थांबलो की बंद पडते, आणि निवळी घाट चढताना दमच नाही. वर्षभरात कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला, तिसऱ्या वेळी नवीनच टाकला. पॉइंट आणि प्लग पण नवे आहेत. आयडलिंगचा स्क्रू जास्त आवळून ठेवलाय म्हणून कशीबशी चालू राहते, मिक्श्चरचा स्क्रू मात्र आत-बाहेर कितीही फिरवला तरी इंजिनला काही फरकच पडत नाही. आता मेस्त्री म्हणतायत इंजिन उतरवू. काय करू? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दादा, इंजिन उतरवू नका. तुमच्या पत्रात जे सहज लिहून गेलात ना, की मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण लावायचा, स्क्रू फिरवून फरक पडत नाही, तिथेच सगळं दुखणं आहे. आणि ते कार्बोरेटरमध्ये सुरू झालेलं नाही असं मला ठामपणे वाटतं, कारण नवा कार्बोरेटर टाकूनही ते तसंच राहिलंय.

कसं होतं ते सांगतो. डिस्ट्रीब्युटरमधल्या पॉइंटला, म्हणजे आपले मेस्त्री ज्याला डेल्को म्हणतात त्यातल्या पॉइंटला, एक फायबरची टाच असते, ती कॅमवर घासत राहते. टाच झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, आणि स्पार्क पडतो तो पॉइंट उघडतात त्याच क्षणी, म्हणजे टायमिंग, स्पार्क पडायची वेळ, आपोआप मागे जातं. नवीन पॉइंटची टाच तर पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच बसते, त्यामुळे नवीन टाकून झाले, आता वर्षभर बघायला नको, असं करून चालत नाही. टायमिंग मागे गेलं की आयडलिंग पडतं आणि चढावर दम जातो. मग कोणीतरी आयडलिंगचा स्क्रू आवळतो. तो आवळला की कार्बोरेटरचा बटरफ्लाय जास्त उघडतो आणि बाजूच्या भिंतीतली जी बारीक भोकं आहेत, जी खरं तर पाय ॲक्सिलरेटरवर ठेवल्यावर कामाला यायला हवीत, ती आयडलिंगलाच उघडी पडतात. पेट्रोल तिथून यायला लागतं, मिक्श्चरच्या स्क्रूखालच्या भोकाला काही कामच उरत नाही, आणि तुम्ही तो कितीही फिरवा, इंजिन ऐकत नाही. बघणाऱ्याला वाटतं कार्बोरेटर खराब.

म्हणून क्रम पाळायचा, आणि मी हे गेली कित्येक वर्षं गॅरेजातल्या पोरांना सांगत आलोय: आधी टॅपेट, मग प्लग, मग पॉइंट, मग टायमिंग आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. पॉइंटच्या गॅपला हात लावला की टायमिंग हलतं, टायमिंग हलवलं की आयडलिंग बदलतं. उलट्या बाजूने सुरुवात केली तर केलेलं काम पुढच्या प्रत्येक पायरीला पुसलं जातं.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, पुस्तिकेतल्या मापाला, पुस्तिकेत थंड म्हटलं असेल तर थंड इंजिनवरच लावून घ्या. एखादा व्हॉल्व्ह घट्ट राहिला असेल तर तो पूर्ण बसत नाही आणि आयडलिंगला तो सिलेंडर मिसिंग मारतो, रेसवर मात्र कळत नाही. तेव्हाच कॉम्प्रेशन पण मोजून घ्या, चारही सिलेंडर एकमेकांच्या जवळपास असले की झालं, आकडा थोडा कमी असला तरी जुन्या इंजिनाला चालतो, एकच सिलेंडर एकदम खाली असेल तर मग मेस्त्रींचं म्हणणं ऐकायची वेळ.

आता पॉइंट. डिस्ट्रीब्युटरची कॅप काढा, रोटर बोटात धरा आणि शाफ्ट आडवा हलवून बघा, गोल नाही फिरवायचा, बाजूला ढकलायचा. खटखट प्ले जाणवला तर आतला बुश गेलाय, आणि बुश गेला असेल तर नवे पॉइंट कितीही टाका, कॅमच्या प्रत्येक टोकाला गॅप वेगळा येणार आणि चार सिलेंडरना चार वेगळ्या वेळी स्पार्क मिळणार. रेसवर गाडी तरी ओढते, आयडलिंगला मात्र थरथरते, तुमच्यासारखीच. बुश लेथवाल्याकडून बदलून मिळतो. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, कोरडा कॅम टाच खातो. पॉइंटची तोंडं पण बघा, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला ढीग दिसला तर कंडेन्सरवर संशय घ्यायचा.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती मला अजून टोचते. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका फियाटवर मी दोन दिवस कार्बोरेटर उघडत-लावत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, कॅप काढून इंजिन हाताने फिरवताना डिस्ट्रीब्युटरच्या आतल्या प्लेटची ती छोटी अर्थची वायर दिसली, वरून सुतासारखी विणलेली, आतून तुटलेली. व्हॅक्युमने प्लेट सरकली की वायर सुटायची, परत आली की चिकटायची. गिऱ्हाईक दोन दिवस एसटीने ये-जा करत होता, त्याची मी माफी मागितली आणि मजुरी घेतली नाही. तेव्हापासून कॅप काढली की ती वायर चिमटीत धरून ओढून बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही, तुम्ही पण बघा. डिस्ट्रीब्युटरची ती प्लेट सरकवणाऱ्या व्हॅक्युमच्या डब्याची नळी काढून तोंडाने ओढून बघा, प्लेट सरकली आणि जीभ लावून धरल्यावर तिथेच राहिली तर आतला पडदा चांगला आहे, हवा येत राहिली तर पडदा फाटलाय.

गॅप लावून झाला की टायमिंग. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने सरळ दिशेने फिरवा, अंगठा बाहेर ढकलला गेला की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. मग हळूहळू पुलीवरची खूण पुस्तिकेतल्या डिग्रीवर आणा, आणि खूण चुकून पुढे गेली तर थोडं मागे नेऊन परत पुढून आणा, कारण चेनमध्ये ढिलाई असते. आता १२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्या, एक वायर कॉइलच्या डिस्ट्रीब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. इग्निशन ऑन करा, डिस्ट्रीब्युटरचा क्लॅम्प ढिला करून बॉडी आधी रोटर फिरतो त्या दिशेला न्या म्हणजे बल्ब विझेल, मग उलट दिशेला अगदी सावकाश फिरवत आणा, ज्या क्षणी बल्ब लागेल तिथे पॉइंट उघडले, तिथेच आवळा. लक्षात ठेवायला सोपं: रोटरच्या उलट दिशेला फिरवलं की टायमिंग पुढे, रोटरच्या दिशेला फिरवलं की मागे. सगळं झाल्यावर इग्निशन बंद करायला विसरू नका, पॉइंट बंद असताना इग्निशन तसंच ऑन राहिलं तर कॉइल तापून जाते. वायरी परत लावताना फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रोटर फिरतो त्याच दिशेने मोजत.

टायमिंग लाइट असेल तर चालू इंजिनवरही बघा, पण व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करून, आणि आयडलिंग आधी खाली आणून. तुमच्यासारखं आयडलिंग चढवून ठेवलेलं असेल तर डिस्ट्रीब्युटरच्या आतली, वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी वजनं उघडायला लागलेली असतात आणि कार्बोरेटरची व्हॅक्युम पण डब्याला लागलेली असते, मग लाइटमध्ये खूण बरोबर दिसते आणि टायमिंग प्रत्यक्षात मागेच राहतं. लाइटमध्ये खूण एका जागी न थांबता नाचत असेल तर परत तोच बुश.

आता कुठे कार्बोरेटर. आयडलिंगचा स्क्रू पूर्ण ढिला करून बटरफ्लाय जेमतेम उघडेल एवढाच आवळा. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवा, जोर लावलात तर सुईला खाच पडते, आणि दीड ते दोन फेरे बाहेर काढा. इंजिन गरम करा. मिक्श्चर फिरवून जिथे आवाज सगळ्यात वर आणि एकसारखा होतो तिथे थांबा, मग आयडलिंग स्क्रूने खाली आणा, परत मिक्श्चर, परत आयडलिंग, असं दोन-तीनदा. या वेळी स्क्रू ऐकायला लागलेला दिसेल तुम्हाला.

एवढं करूनही थरथर राहिली तर कार्बोरेटरच्या बुडाशी हवा ओढतेय का बघा. काही जण तिथे पेट्रोल शिंपडतात, कृपा करून तसं करू नका, गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल म्हणजे आग. कुंचल्याने पॅकिंगच्या कडेला थोडं ऑइल लावा, आवाज बदलला तर तिथून हवा जातेय. व्हॅक्युम गेज मिळाला तर सोन्याहून पिवळं: आपण समुद्रसपाटीला आहोत, चांगलं इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच स्थिर दाखवतं. काटा स्थिर पण थोडा खाली असेल तर टायमिंग मागे, फारच खाली असेल तर हवा ओढतेय, आणि ठरावीक वेळाने झटका मारत असेल तर व्हॉल्व्ह. हाच गेज आंबोलीला नेऊन लावलात तर दोनेक इंच कमी दाखवेल, घाबरू नका, उंचीमुळे होतं ते.

आणि इंजिन ते बॉडी अशी जी विणलेली अर्थची पट्टी असते ती काढून दोन्ही टोकं घासा. आपल्या खाऱ्या हवेत ती बाहेरून धड दिसते आणि बोल्टखाली हिरवी-पांढरी झालेली असते. स्टार्टर मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यामध्ये मीटर लावा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी बदला.

प्रश्न : माझी १९९४ ची बुलेट ३५०. किक मारूक गेलंय काय उलटी मारता, परवा गुडघ्याक लागला. चालू झाली तरी आयडलिंगाक धरणा नाय, कधी आपसूक रेस वाढता, कधी फट करून बंद. गॅरेजवालो म्हणता कार्बोरेटर बदलूक होयो. बदलू काय? — एक वाचक, मालवण

उत्तर : नका बदलू. आणि गुडघ्याची काळजी घ्या, उलटी किक घोटा मोडू शकते, तोपर्यंत पायात चप्पल घालून किक मारू नका.

किक उलटी मारते याचा अर्थ पिस्टन वर पोचायच्या बऱ्याच आधी स्पार्क पडतोय. रेस आपसूक वाढते याचा पण अर्थ तोच निघू शकतो. दोन्ही एकत्र असतील तर मी सगळ्यात आधी पॉइंटच्या प्लेटमागची ऑटो ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी, वजनं बघेन. इंजिनच्या उजव्या बाजूचं पॉइंटचं छोटं कव्हर उघडा, कॅम बोटाने फिरवून सोडा, तो स्प्रिंगने टचकन परत यायला हवा. किनाऱ्यावरच्या बुलेटींमध्ये तिथे ओल शिरते, पिनांना गंज धरतो आणि वजनं उघडल्या जागी अडकतात, मग किक मारतानाच पूर्ण ॲडव्हान्स मिळतो. काढून रॉकेलने धुवा, पिनांना बारीक पॉलिश पेपर, एक थेंब तेल, स्प्रिंगा लांबल्या असतील तर नव्या टाका.

मग पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, आणि टायमिंग वजनं पूर्ण मिटलेली असताना पिस्टन वर पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी. गाडी मधल्या स्टँडवर, टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक सरळ दिशेने फिरवलं की पिस्टन हवा तसा सावकाश हलवता येतो. प्लगच्या भोकातून सायकलची तार घालून मोजतात बरेच जण, पण प्लग तिरका बसतो म्हणून तारही तिरकी जाते आणि माप थोडं चुकतं, मेस्त्रीकडे डिग्रीची तबकडी असेल तर ती वापरा. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलका ओढत राहा, तो सुटतो तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. हा जुना उपाय आजही चोख आहे.

कार्बोरेटरला शेवटी हात लावाल तेव्हा एक लक्षात ठेवा, तुमच्या बुलेटचा तो बाजूचा छोटा स्क्रू हवेचा आहे, बाहेर काढला की मिक्श्चर पातळ होतं. पद्मिनीच्या मिक्श्चरच्या स्क्रूच्या बरोबर उलट, तो बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. याच गोंधळात किती जणांनी प्लग काळे करून ठेवलेत.

प्रश्न : आमचे जुने मेस्त्री टायमिंग कानाने लावत, लाइट-बिइट काही नाही. ते बरोबर की चूक? — एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : त्या पिढीचा कान फार तयार होता आणि मी स्वतः तसंच शिकलो, पण एक धोका आहे. उभ्या गाडीचं टायमिंग पुढे नेत गेलं की आयडलिंग वाढत जातं आणि कानाला गोड लागतं, म्हणून कानाने लावणाऱ्याचं टायमिंग जवळजवळ नेहमी गरजेपेक्षा पुढेच जातं. मग भरलेली गाडी करूळ किंवा फोंडा घाटाला लागली की खडखड नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनला मार बसतो. जे मेस्त्री खरोखर चांगले होते ते कानाने लावून झाल्यावर गाडी चढावर नेत, टॉप गिअरमध्ये पाय दाबून ऐकत आणि गरज पडली तर थोडं मागे घेत. ती अर्धी गोष्ट लोक विसरले.

प्रश्न : आमची १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. मुलगा मुंबईला, त्यामुळे गाडी गणपती ते शिमगा जवळपास उभीच. २०२१ च्या पुरात सीटपर्यंत पाणी होतं, नंतर सगळं करून घेतलं. आता रेस दिली की छान पळते, पाय काढला की बंद. चोक ओढून ठेवला तर चालू राहते. — एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिलीत की अर्धं काम तुम्हीच केलंत. रेसवर चांगली आणि आयडलिंगला बंद, चोकवर चालू, म्हणजे आयडलिंगच्या वाटेने पेट्रोल येत नाहीये. टायमिंगला आधी हात लावायचा हा माझा नियम इथे बाजूला ठेवतो.

पहिली गोष्ट फुकटची आहे. कार्बोरेटरला एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह, असतो, चावी ऑन केली की तो आयडलिंगची वाट उघडतो. बोनेट उघडून कोणाला तरी चावी ऑन-ऑफ करायला सांगा आणि कान लावा, टक असा आवाज यायला हवा. नाही आला तर त्याची वायर आणि पिन बघा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं त्यांच्या पिनांमध्ये गाळ राहून गेलाय, वरून गाडी धुतली, इंजिन ऑइल बदललं, पण छोटे कनेक्टर कोणी उघडले नाहीत, आणि ते आता एकेक करून सडतायत. पिन साफ करून आवाज आला तर काम झालं.

आवाज येत असेल तर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तुंबलाय. उभ्या गाडीच्या फ्लोटच्या भांड्यात पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट थर राहतो, आयडलिंगचा जेट सगळ्यात बारीक म्हणून तो पहिला बंद होतो. त्यात २०२३ पासून पंपावर हळूहळू २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते दोघं मिळून टाकीच्या तळाला बसतात. तुमच्या गाडीच्या काळातले रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते, ते मऊ पडतात, त्यांचे कण पुढे येतात. तेव्हा जेट हवेने फुंकून साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं. पेट्रोलचे पाइप आणि फिल्टर नवीन टाका, टाकी एकदा खाली करून बघा. आणि पंधरा दिवसांनी एकदा शेजाऱ्याला सांगून गाडी निदान खेर्डीपर्यंत फिरवून आणवा, नुसती दारात पाच मिनिटं चालू ठेवून उपयोग नाही, त्याने उलट सायलेंसरमध्ये पाणी साचतं.

प्रश्न : सुपारीच्या वाडीतला पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालणारा जुना पंप मध्ये एकदा झटक्यात अडकला, पंख्यात सोडण अडकलं होतं. ते काढलं, पण तेव्हापासून दोरी उलटी खेचतो आणि चालू झाला तर धडधडतो. — एक बागायतदार, श्रीवर्धन

उत्तर : फ्लायव्हीलची चावी कापली गेलीय, दुसरं काही शोधत बसू नका. फ्लायव्हील शाफ्टवर एका छोट्या चावीने जागेवर असतं, इंजिन झटक्यात थांबलं की जड फ्लायव्हील थोडं पुढे सरकतं आणि चावी अर्धी तुटते. मॅग्नेटोचं, म्हणजे स्पार्क देणाऱ्या यंत्राचं, टायमिंग त्या फ्लायव्हीलवर, म्हणून तेही सरकतं. नट काढा, पुलरने फ्लायव्हील काढा, हातोडी मारू नका, चावी नवीन टाका, आणि उघडलंच आहे तर खालचे पॉइंट पण साफ करून गॅप बघा. चावीच्या जागी लोखंडाचा तुकडा घासून बसवू नका, पुढच्या वेळी चावीऐवजी शाफ्ट तुटेल. पंप बंद करताना शेवटची काही मिनिटं पेट्रोलवर चालवा म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहणार नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी ओढून ओढून हात दुखणार नाही. पाणी ओढायच्या नळीच्या तोंडाला जाळी लावा.